इंजिन मॉनिटरचे आकडे उड्या मारतात: घरी बांधलेल्या विमानातल्या सेन्सरच्या वायरिंगची झाडाझडती

गेल्या सहा-सात वर्षांत एकाच तक्रारीसाठी काउल (इंजिनावरचं झाकण) किती वेळा उघडलं याचा हिशोब मी ठेवलेला नाही. माझं स्वतःचं आरव्ही-७ए धरून आमच्या ओहायोतल्या छोट्या धावपट्टीवरची पाच-सहा विमानं तरी झाली. तक्रार दरवेळी एकाच चालीत येते: "सेन्सर गेलाय. नवा मागवलाय. तू येऊन फक्त बसवून दे." मी जातो, नवा सेन्सर खोक्यातच राहू दे म्हणतो आणि मल्टिमीटर काढतो. एवढ्या काळात खरोखर मेलेले सेन्सर मला भेटले दोन. बाकी प्रत्येक वेळी सेन्सर ठणठणीत होता. बिघडला होता तो एखादा जोड, नाहीतर ग्राउंड, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता.

खालचं सगळं चार सिलिंडरच्या, हवेनं थंड होणाऱ्या लायकॉमिंग ओ-३६० इंजिनाला आणि पॅनेलवरच्या इलेक्ट्रॉनिक इंजिन मॉनिटरला धरून लिहिलंय. तुमचं इंजिन रोटॅक्स असेल तर आकडे वेगळे, क्रम तोच. सीएचटी म्हणजे सिलिंडर हेडचं तापमान आणि ईजीटी म्हणजे एक्झॉस्ट वायूचं, हे बांधणाऱ्यांना सांगायला नको. पण विमान विकत घेतलेले आणि हौसेनं वाचणारेही असतील, म्हणून एकदा लिहून टाकलं.

लक्षणं

आधी आपला आजार यातला कुठला ते ओळखा. निम्मं काम तिथंच होतं.

- सगळे सीएचटी किंवा सगळे ईजीटी एकाच वेळी, एकाच दिशेला सरकतात. चार प्रोब, म्हणजे तापमानाचे सेन्सर, एकाच क्षणी बिघडत नसतात. हे ग्राउंडचं दुखणं.
- एकच सिलिंडर उड्या मारतो, मधेच स्क्रीनवर रेघा किंवा लाल फुली येते. जोड ढिला आहे किंवा वायर आतून तुटलीय.
- एकच सिलिंडर उड्या मारत नाही, पण बाकीच्यांपेक्षा दोनशे अंशांनी (इथले सगळे अंश फॅरनहाइट) थंड दिसतो. हे फसवं आहे, पुढे सांगतो.
- इंजिन तापेल तसा आकडा खाली जातो. वायरी उलट्या.
- ऑइल प्रेशर स्ट्रोब लाइटच्या तालावर नाचतं, किंवा लँडिंग लाइट लावला की टाकीतलं इंधन आपोआप वाढतं. (वाढलं असतं तर किती बरं झालं असतं.)
- रेडिओवर बोलायला बटण दाबलं की फ्युएल फ्लो (इंधनाचा प्रवाह) किंवा ईजीटी उसळतो.
- ऑइल प्रेशर कायम शून्यावर किंवा कायम टोकाला चिकटून.
- आरपीएम दुप्पट, अर्धा, किंवा मधूनच गायब.

पाना हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी

पहिली: हवेत निदान करायचं नाही. उडताना ऑइल प्रेशर पडलं तर ते खरंच पडलंय असं धरा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. "आपलं ते वायरिंग आहे, मागच्या महिन्यातही असंच झालं होतं" हा विचार मनात येतो. माझ्याही आला होता. महिनाभर खोटं बोललेल्या गेजनं एकतिसाव्या दिवशी खरं बोलू नये असा काही नियम नाही. म्हणून तर ही दुरुस्ती टाळायची नसते: आकडे नाचायला लागले की माणूस हळूहळू त्यांच्याकडे बघायचं सोडतो.

दुसरी: जमिनीवर काम करताना प्रोपेलर कायम जिवंत समजा. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो बंद होतो तो पी-लीड नावाच्या वायरीनं त्याला ग्राउंडला जोडल्यावर. ती वायर तुटलेली असेल तर चावी काढून खिशात घातली तरी मॅग्नेटो चालूच असतो, आणि प्रोपेलरला धक्का लागला तर इंजिन एखादा फटका मारू शकतं. आपण नेमकं वायरींच्या जंजाळात हात घालणार आहोत. चावी खिशात, मिक्श्चर मागे (इंधन बंद), चाकांना ठोकळे, आणि प्रोपेलरच्या फेऱ्यात कोणी उभं राहायचं नाही.

१. सकाळचा आकडा: फुकट

विमान रात्रभर हँगरमध्ये थंड झालेलं असताना सकाळी मास्टर स्विच लावा. इंजिन सुरू करू नका. चारही सीएचटी, चारही ईजीटी, ऑइलचं तापमान आणि बाहेरच्या हवेचं तापमान, सगळं जवळजवळ सारखं दिसायला हवं. इंजिनाचा प्रत्येक भाग हवेइतकाच गार आहे, तेव्हा वेगळा आकडा दाखवायचं कुणाला कारणच नाही. मी पाच-सहा अंश फॅरनहाइटचा फरक सोडून देतो. त्याहून जास्त कोणी वेगळा पडला तर त्याचं नाव वहीत लिहा. ऑइल प्रेशर आणि फ्युएल फ्लो शून्य हवेत.

ही तपासणी पास झाली म्हणजे सगळं आलबेल असं मात्र नाही. दोन चुका थंड इंजिनात दिसतच नाहीत. त्या सातव्या मुद्द्यात.

२. सेटिंग

मॉनिटरच्या सेटअपमध्ये जाऊन प्रत्येक पिनेपुढे कुठला सेन्सर निवडलाय ते बघा, विशेषतः सॉफ्टवेअर अपडेटनंतर तक्रार सुरू झाली असेल तर. सीएचटीचा प्रोब सहसा टाइप जे असतो, ईजीटीचा टाइप के (टाइप म्हणजे आतल्या दोन तारांच्या धातूंची जोडी). जे प्रोब लावून सेटिंगमध्ये के ठेवलं तर खऱ्या ३९० अंशांच्या जागी ५००च्या आसपास दिसतं. या इंजिनांची लाल रेघ ५००वरच असते, त्यामुळे मालक घाबरून काउलला नवी भोकं पाडायच्या बेतात असतो. एकाला मी अगदी कात्री हातात असताना थांबवलंय.

आरपीएम बरोब्बर दुप्पट किंवा निम्मा दिसत असेल तर तोही इथलाच प्रश्न. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या पडतात. सेटिंगमध्ये दर फेरीला दोन पल्स आहेत ना, एवढं बघायचं.

३. एकेक स्विच

इंजिन बंद, मास्टर चालू. एक जण आकड्यांकडे बघेल, दुसरा एकेक स्विच लावेल आणि बंद करेल: नॅव्हिगेशन लाइट, स्ट्रोब, लँडिंग लाइट, इंधनाचा बूस्ट पंप, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर; दोन-तीन सेकंदच, ती भाजते). शेवटी रेडिओचं बटण. कुठल्या स्विचला कुठला आकडा किती हलला ते लिहून ठेवा. लँडिंग लाइटला ऑइल प्रेशर चार पीएसआय हललं, तर दिव्याचा आणि सेन्सरचा परतीचा रस्ता कुठेतरी एकच आहे. त्या सामाईक रस्त्यावर दिव्याचा करंट धावतो, तिथं थोडा व्होल्टेज पडतो, आणि मॉनिटर बिचारा तो व्होल्टेज सेन्सरच्या हिशोबात धरतो.

मग हेच इंजिन चालू असताना, जमिनीवर, अल्टरनेटरचा स्विच बंद-चालू करून बघा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि इथंच चोर सापडतो. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो, त्याचा सगळा करंट इंजिनाच्या अंगातूनच फिरतो. अल्टरनेटर बंद करताच सगळे आकडे शहाणे झाले, तर पुढचे दोन मुद्दे सोडून थेट सहाव्यावर जा.

फक्त रेडिओनं हलत असेल तर अँटेनाच्या केबलचे दोन्ही टोकांचे कनेक्टर बघा आणि सेन्सरच्या वायरी त्या केबलला बांधल्या असतील तर वेगळ्या करा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, बहुतेकदा एवढ्यानं भागतं.

४. हलवून बघणं

काउल काढा. इंजिन थंड, मास्टर चालू, चावी खिशात.

मागच्या जानेवारीत शेजारच्या हँगरमधल्या विमानाचा तीन नंबरचा सीएचटी असाच हलवून सापडला. माझी लेक कानटोपी घालून कॉकपिटमध्ये आकडे वाचत होती, मी पुढे एकेक वायर दोन बोटांत धरून हळूच वाकवत होतो. कनेक्टरपाशी काही नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या) भोकापाशी काही नाही. मागच्या बाफलजवळ (सिलिंडरवर हवा वळवणाऱ्या पत्र्याजवळ) पोचलो आणि आतून आवाज: "बाबा, गेला... आला... परत गेला!" बॅटरीवर चालणारा डोक्याचा दिवा जवळ नेला तर वायरीच्या पांढऱ्या वेष्टनावर तांदळाच्या कणीएवढा काळा डाग. बाफलच्या पत्र्याच्या कडेनं दोन वर्षं घासून घासून वेष्टन खाल्लं होतं आणि आतली लोखंडाची तार पत्र्याला टेकत होती. डाग इतका लहान की नुसत्या नजरेनं मी त्यावरून दोनदा पुढे गेलो होतो. मालकाचा नवा प्रोब तेव्हा कुरिअरमध्ये होता.

हलवताना ओढायचं नाही. इंचाइंचानं पुढे जायचं आणि प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद थांबायचं, कारण काही मॉनिटर आकड्याची सरासरी काढून दाखवतात आणि क्षणाचा झटका गिळून टाकतात. जास्त लक्ष कुठे द्यायचं? झिप टाय करकचून आवळलेली जागा, एक्झॉस्ट पाइपपासून वीतभर अंतरातली वायर, फायरवॉलमधलं भोक, आणि प्रोबच्या मुळाशी जिथं वायर पहिला बाक घेते ती जागा.

आता ते लक्षणांमधलं फसवं प्रकरण. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा. त्या जिथं एकमेकींना टेकतात तिथलं तापमान मोजलं जातं. वाटेत वेष्टन घासून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या, तर तोच नवा सांधा होतो आणि मॉनिटर त्या जागेचं तापमान इमानदारीत दाखवतो. सिलिंडर ३७० वर असतो आणि स्क्रीनवर दिसतं बाफलजवळच्या हवेचं १६०. रेघ नाही, फुली नाही, उडी नाही. फक्त एक शांत, चुकीचा आकडा.

५. अदलाबदल

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि वाद मिटवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन नंबर आणि तीन नंबरच्या सीएचटीच्या वायरी कनेक्टरपाशी अदलाबदल करा. दुखणं तीनवरून दोनवर गेलं तर दोष प्रोब आणि त्या कनेक्टरच्या दरम्यान आहे. तीनवरच राहिलं तर दोष कनेक्टरपासून मॉनिटरपर्यंतच्या बाजूला. प्रोबवर संशय असेल तर इंजिन गार झाल्यावर प्रोबच सिलिंडर बदलून लावा.

काढलेला सीएचटीचा प्रोब वायरीसकट उकळत्या पाण्यात बुडवता आला तर उत्तम. समुद्रसपाटीला २१२ अंश दिसायला हवेत. आमच्याकडे हजारेक फूट उंचीवर २१०. चहाचं पातेलं घरून आणू नका, त्यावरून एकदा ऐकून घेतलंय.

ईजीटीबद्दल एक: चार सिलिंडरचे ईजीटी एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून काळजीत पडू नका. प्रोब पाइपवर दोन इंच खाली-वर बसला तरी आकडा बदलतो. ईजीटीत बघायचं ते कालच्यापेक्षा आज काय बदललं.

६. ग्राउंड

इचलकरंजीला आमच्या अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागाची मोटर खांद्यावर घेऊन कोणी आलं की अण्णा मोटरीकडे न बघता विचारायचे, "अर्थ बघितलास का?" अर्थ नीट नसला की आकड्यांना अर्थ राहत नाही, ही त्यांची कोटी मी शाळेत असताना शंभर वेळा ऐकली आणि विमान बांधायला घेतल्यावर विसरलो. माझ्याच विमानात ऑइल प्रेशर नाचायला लागलं तेव्हा मी एकामागून एक दोन सेन्सर विकत घेतले. तिसऱ्याची ऑर्डर देताना अण्णा आठवले.

विमानाचं इंजिन रबराच्या गुट्ट्यांवर बसतं. रबर म्हणजे इन्सुलेटर. म्हणून क्रँककेस ते फायरवॉल अशी तांब्याची विणलेली जाड पट्टी लागते. स्टार्टरचा दोन-तीनशे अँपिअरचा झटका आणि अल्टरनेटरचा करंट त्या पट्टीतून परत जातो. पट्टीच्या टोकाखाली रंग राहिला असेल, बोल्ट ढिला असेल किंवा अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा चढला असेल, तर तो करंट दुसरे रस्ते शोधतो: थ्रॉटलची केबल, मिक्श्चरची केबल, आणि सेन्सरच्या बारीक वायरी. स्टार्ट केल्यानंतर थ्रॉटलची केबल फायरवॉलपाशी कोमट लागली तर समजा की ती पट्टीचं काम करतेय.

आता आकडे बघा म्हणजे हे एवढं का बोचतं ते कळेल. सीएचटी ४०० अंशांवर असताना टाइप जे थर्मोकपल फक्त १० मिलिव्होल्टच्या आसपास देतो. पट्टीच्या जोडात एका ओहमचे पाचशे भाग केले तर त्यातला एक, म्हणजे २ मिलिओहम इतका जरी अडथळा असला आणि त्यातून ३० अँपिअर गेले, तर ६० मिलिव्होल्ट पडतात. सिग्नलच्या सहापट गोंगाट. ज्या प्रोबचं टोक आतून धातूला जोडलेलं असतं त्यांच्या दोन्ही तारा हा व्होल्टेज घेऊनच मॉनिटरपर्यंत जातात. मॉनिटर दोन तारांमधला फरक मोजतो, त्यामुळे थोडं सहन करतो; मर्यादा ओलांडली की चारही आकडे एकदम सरकतात.

साधा मल्टिमीटर २ मिलिओहम मोजू शकत नाही. तो स्वतःच्या तारांचाच अडथळा दाखवतो आणि तुम्ही "कंटिन्युइटी आहे की" म्हणून निघून जाता. म्हणून ओहम नको, व्होल्टेज मोजा. सगळे दिवे लावून मॉनिटरची ग्राउंड पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात डीसी मिलिव्होल्ट बघा. दहा-वीसच्या आत असेल तर मी पुढे जातो, पन्नासच्या वर असेल तर तिथंच थांबून वायर शोधतो. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या मॅन्युअलमधला नाही. इंजिनाच्या पट्टीतून इंजिन बंद असताना जवळपास काहीच वाहत नाही, त्यामुळे तिची परीक्षा अशी होत नाही. चालत्या इंजिनापुढे मीटर घेऊन तर जायचंच नाही. तिला सरळ काढा. दोन्ही टोकं आणि बसायच्या जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, विणीतल्या तुटलेल्या तारा मोजा, बऱ्याच असतील तर पट्टी नवी टाका, योग्य टॉर्कनं आवळा आणि वरून गंजरोधक फवारा. नवी पट्टी एका सेन्सरच्या किमतीपुढे काहीच नाही.

माझ्या विमानात पट्टीच्या एका टोकाखाली प्रायमर होता. मीच मारलेला, छान एकसारखा, पिस्ता रंगाचा.

इथंच टेफ्लॉन टेप. एका वायरीचा जो ऑइल प्रेशर किंवा तापमानाचा सेन्सर असतो त्याची दुसरी वायर म्हणजे त्याचे आटेच. आट्यातूनच तो ग्राउंड होतो. त्यांना नळाच्या फिटिंगसारखी पांढरी टेप गुंडाळली की ग्राउंड अर्धवट तुटतो, आणि आकडा इंजिनाच्या थरथरीबरोबर बदलतो. शिवाय टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर ते वेगळंच संकट. टेप काढा, आटे साफ करा, पेस्ट सीलंट शेवटचे एक-दोन आटे सोडून पातळ लावा. सेन्सर फायरवॉलवरच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवला असेल तर ठोकळा अॅनोडाइज केलेला नाही ना बघा. अॅनोडाइजिंगचा थर वीज अडवतो.

७. थर्मोकपलचे जोड

थंड इंजिनात न दिसणाऱ्या त्या दोन चुका.

पहिली, उलट्या वायरी. आयुष्यभर आपण लाल म्हणजे प्लस शिकलो. अमेरिकी थर्मोकपलमध्ये लाल म्हणजे मायनस, दोन्ही प्रकारांत. टाइप जेमध्ये पांढरी प्लस, टाइप केमध्ये पिवळी प्लस. सगळं थंड असताना फरकच शून्य असतो, त्यामुळे उलट जोडलं तरी सकाळचा आकडा बरोबर येतो. इंजिन तापलं की तो उलटा घसरतो. वेष्टन तेलानं काळं झालं असेल तर लोहचुंबक वापरा. जे प्रकारात प्लसची तार लोखंडाची, ती चिकटते. के प्रकारात मायनसची तार थोडी चिकटते, प्लसची अजिबात नाही. फ्रिजवरचं चुंबक पुरतं, फक्त तार हलकी लोंबकळत ठेवून बघा.

दुसरी चूक जास्त धोक्याची: वायर कमी पडली म्हणून काउलच्या आतून पॅनेलपर्यंत साधी तांब्याची वायर जोडणं. तांबं सुरू झालं की तो जोडच मोजणीचं दुसरं टोक होतो, पण मॉनिटर भरपाई करतो पॅनेलमागच्या तापमानाची. काउलच्या आत १८० आणि पॅनेलमागे ८० असेल तर आकडा १०० अंशांनी कमी येतो. सिलिंडर ४३० वर भाजतोय आणि स्क्रीन ३३० दाखवून तुम्हाला निर्धास्त करतेय. लांबवायचं असेल तर त्याच प्रकारची एक्स्टेन्शन वायर घ्या, जेला जे, केला के. क्रिम्पच्या (पक्कडीनं दाबून बसवायच्या) नळीतलं अर्ध्या इंचाचं तांबं चालतं, कारण त्याची दोन्ही टोकं एकाच तापमानाला असतात.

सोल्डर करत बसू नका. या धातूंना साधं सोल्डर धड धरत नाही, आणि जिथं धरतं तिथं वायर ताठ होऊन सोल्डरच्या कडेला थरथरीनं तुटते. चांगल्या पक्कडीनं क्रिम्प, मग ओढून परीक्षा. डी-सब (अनेक पिनांच्या) कनेक्टरच्या पिना मागून हलक्या दाबा. पूर्ण न बसलेली पिन मागे सरकते आणि पुढून सगळं व्यवस्थित दिसतं.

८. तीन वायरींचे प्रेशर सेन्सर

हे मोजायला सर्वांत सोपे आणि तरी लोक अंदाजानं बदलतात. एका वायरीवर मॉनिटरकडून ५ व्होल्ट, एक ग्राउंड, एक सिग्नल. कनेक्टर जोडलेला ठेवून मागून बारीक टोकानं मोजा. ५ व्होल्ट येत नसतील तर सेन्सरला दोष देऊ नका, त्याला जेवणच मिळत नाहीये. ५ येत असतील आणि इंजिन बंद असेल तर ०.५ ते ४.५ व्होल्टच्या सेन्सरचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या जवळ हवा. १५० पीएसआयचा सेन्सर असेल तर ७५ पीएसआयला २.५ येतील. ५ आहेत, ग्राउंड शुद्ध आहे, आणि बंद इंजिनात सिग्नल ० किंवा ५ ला चिकटलाय: आता सेन्सर मागवा. माझ्या दोन मेलेल्यांपैकी एक असाच सापडला. तो थेट इंजिनावर स्क्रू केलेला होता आणि थरथरीनं आतून सुटला होता. प्रेशरचे सेन्सर फायरवॉलवर बसवावेत आणि इंजिनापासून त्यांच्यापर्यंत लवचीक होज न्यावा, इंजिनाच्या बाजूला बारीक भोकाचं फिटिंग घालून. होज फुटला तरी ऑइल एकदम जात नाही.

९. आरपीएम आणि फ्युएल फ्लो

आरपीएमची वायर पी-लीडवरून घेतली असेल तर मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला रेझिस्टर मॅग्नेटोच्या बाजूच्या टोकाला आहे का बघा. तो तिथं असला की पुढची वायर कुठे घासून ग्राउंडला टेकली तरी मॅग्नेटो बंद पडत नाही. पॅनेलच्या टोकाला लावला असेल तर मधली सगळी वायर उघडी जोखीम आहे. हे आजच बदला.

फ्युएल फ्लोच्या आत एक चिमुकलं चक्र फिरतं आणि पल्स पाठवतं. आकडा उसळत असेल आणि वायरी ठीक असतील तर बुडबुडे किंवा लगतचा तीव्र बाक कारण असतो. सेन्सर कसा बसलाय ते त्याच्या कागदाशी ताडून बघा. इंधनाची नळी सोडवायची वेळ आली तर पुढचं वाचा.

कुठे थांबायचं

अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट (घरी बांधलेल्या) विमानावर मालकानं स्वतः काम करायला कायद्याची आडकाठी नाही. वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शनवर सही मात्र ए अँड पी (विमान आणि इंजिन दोन्हींचं प्रमाणपत्र असलेल्या) मेकॅनिकची लागते, किंवा त्या विमानासाठी चालणारं रिपेअरमन सर्टिफिकेट असलेल्याची. कायदा अडवत नाही म्हणून सगळं आपणच करावं असं नाही. यातलं काही दिसलं तर मी हात धुऊन मेकॅनिकला फोन करतो:

साध्या यांत्रिक गेजनंही ऑइल प्रेशर कमीच दाखवलं. मग ते वायरिंग नव्हतंच, आणि इंजिन सुरूसुद्धा करायचं नाही.

प्रोबची अदलाबदल केली तरी तोच सिलिंडर गरम. बाफल, इनटेक गळती, काहीही असेल. आता प्रश्न सिलिंडरचा आहे.

चावी बंद करूनही मॅग्नेटो बंद होत नाही, किंवा मॅग्नेटो तपासताना (दोनपैकी एक बंद करून) आरपीएम १७५ पेक्षा जास्त पडतो. पहिल्यात तर विमानाला "हात लावू नका" अशी पाटी लावूनच घरी जा.

इंधनाचा वास, ओल किंवा डाग. टाकीतला सेन्सर काढायचा असेल आणि आधी कधी काढला नसेल तरीही.

वितळलेलं वेष्टन, जळका वास, तपकिरी पडलेला कनेक्टर. तिथं जास्त करंट गेलाय आणि का गेला ते शोधल्याशिवाय नवी वायर टाकणं म्हणजे पुढच्या वेळची तयारी.

आणि दोन संध्याकाळी गेल्या तरी दोष सापडत नसेल. तिसऱ्या संध्याकाळी माणूस निदान करत नाही, वस्तू बदलत सुटतो. त्याआधी ईएएच्या (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या) स्थानिक शाखेतला टेक्निकल काउन्सेलर गाठा. ते स्वयंसेवक असतात, फी घेत नाहीत, आणि दुसऱ्या माणसाला आपली चूक पहिल्या पाच मिनिटांत दिसते. माझा पिस्ता रंगाचा प्रायमर मीच शोधला असं वर वाचून वाटलं असेल, पण "हा रंग पट्टीच्या खाली पण आहे का रे?" हे विचारलं होतं आमच्या काउन्सेलरनी.

दुरुस्ती झाल्यावर लगेच लांब जाऊ नका. काउल लावून जमिनीवर दहा मिनिटं चालवा, स्विचची ती परीक्षा परत घ्या, मग धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत अर्धा तास आकडे रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा पुन्हा. लॉगबुकात काय केलं ते लिहाच. मी शिवाय एक मराठी वही ठेवतो, तिच्यात कुठल्या स्विचला काय हललं होतं तेही असतं. त्या वहीतली माझ्या विमानाची नोंद दोन ओळींची आहे: "ग्राउंडची पट्टी घासून बसवली, ऑइल प्रेशर ठीक. दोन सेन्सर शिल्लक."